पाण्याचं कसं आहे

घर दाखवायला काढलं त्याच्या आदल्या आठवड्यात
दस्तगीर पेंटर येऊन गेला.
हॉलभर फिरलेली छातीएवढी तपकिरी रेघ
त्यानं आधी घासली, मग पुट्टी, मग प्रायमर, मग दोन हात.
"हळदी रंग नको," सुमती म्हणाली,
"पिवळ्यातनं ओल लवकर फुटते."
तिला माहीत असणारच.
तिसऱ्यांदा रंगवत होतो आम्ही.

मल्लाप्पा बिराजदार जतहून आले, बायकोला घेऊन.
एसटीतून रिटायर, पोरगं इथं कॉलेजला.
त्यांनी स्लॅब बघितला नाही, फरशी ठोकली नाही.
दारातच विचारलं,
"पाण्याचं कसं हाय ओ इथं?"

मी म्हणालो, "पाण्याला काही कमी नाही."

गौरव्वानं स्वयंपाकघरातला नळ सोडला
आणि बराच वेळ बंद केला नाही.
धारेखाली नुसती बोटं धरून उभी राहिली.
धुवायचं काही नव्हतं तिला.

इसार त्याच संध्याकाळी झाला.

आवटी वकिलांनी मसुदा वाचून दाखवला.
सदर मिळकत निर्वेध, निजोखमी, बिनबोजाची.
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस चौगुले यांचे घर,
दक्षिणेस बोळ, उत्तरेस मोकळा प्लॉट.
खालची बाजू दस्तात लिहीत नाहीत.
आमच्याकडे मात्र ते दारातून कधीच आलं नाही.
आयर्विनला पंचेचाळीस फूट झाले की
आधी न्हाणीची जाळी बोलायला लागायची,
गुळूगुळू, घरातल्या घरात,
आणि आपण चपला उचलून माळ्यावर टाकेपर्यंत
देवघराची पायरी गेलेली असायची.
एकोणीसला पूल सत्तावन्नाच्या पुढे गेला
तेव्हा आम्ही गच्चीवर होतो.
खाली फ्रीज आडवा होऊन
स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला म्हणे. आम्ही बघितला तो
उतरल्यावर, सोफ्यावर बसलेला.

वकिलांनी चष्मा काढला.
"काही सांगायचं राहिलंय का? आत्ताच सांगा.
घेणाऱ्यानं नीट बघितलं असतं तर दिसला असता
तो दोष त्याच्या पदरात.
बघूनही दिसणार नाही, आणि तुम्हाला ठाऊक आहे,
तो तुम्ही सांगायचा. इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे हा."
मी विचारणार होतो, रंगाखालचा कशात धरायचा.
चहा आला. तो प्यालो.

आम्हाला हे घर विकलं त्या अष्टेकरांनी
गेटाला हात टेकून सांगितलं होतं, नदी लांब आहे.
खोटं नव्हतं. लांबच आहे.

रजिस्ट्रीच्या चार दिवस आधी
गौरव्वा टेप घेऊन आली, पलंग बसतो का बघायला.
मी बँकेत होतो. हे सगळं सुमतीनं नंतर सांगितलं,
भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.
तिनं लोखंडी कपाटाचं एक टोक धरलं,
दुसरं गौरव्वाला धरायला लावलं.
मागं दस्तगीरचा ब्रश पोचला नव्हता.
तिथं तिन्ही रेघा होत्या,
शेजारी सुमतीनं पेन्सिलीनं मांडलेली सालं,
पाच, एकोणीस, एकवीस,
पोरांची उंची मांडतात तशी.

गौरव्वा भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
एकोणीसची रेघ तिच्या खांद्याच्या वर गेली.
"एवढं पानी?" ती म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"मग ते गेलं कुठं?"

सुमतीला सांगता आलं नाही.
मला तरी कुठं येतं.

दोन दिवस जतहून फोन नाही.
मी इसाराचे पैसे पाकिटात घालून ठेवले, मोजून, दोनदा.
तिसऱ्या दिवशी मल्लाप्पा बोलले. आधी भाव पाडला,
पाडायलाच हवा होता.
मग म्हणाले, "कपाटामागचं तेवढं पुसू नका.
ही म्हणती, राहू दे."

दस्तात एक कलम वाढलं.
आवटींच्या ऑपरेटरनं पुराची वेलांटी चुकवली,
ती मी निबंधकाच्या टेबलावर पेनानं दुरुस्त केली
आणि बाजूला सही केली.
पूर्ण सही, आद्याक्षरं नव्हेत.